शेवटचा सा

"बुवा, माझ्या कवितांचा क्रम बदलायचा तुम्हाला काय अधिकार? कार्यक्रम रद्द!" कुमुदताई तणतणत खोलीत शिरल्या. लेकीसाठी लिहिलेली अंगाई त्यांच्या संग्रहात पहिली होती. चाली लावताना बुवांनी ती शेवटी टाकली होती, आईच्या मृत्यूवरच्या कवितेनंतर.

"आधी ऐका, मग भांडा," म्हणत बुवांनी तंबोरा मांडीवर घेतला.

पहिलं गाणं संपलं, पण सूर 'सा'वर, आपल्या घरी, आलाच नाही. जिथे थांबला तिथूनच बुवांनी दुसरं उचललं. माहेरचं, सासरचं, आईच्या आजारपणाचं. प्रत्येक गाणं तसंच, दाराबाहेर ताटकळलेलं. कुमुदताईंचा जीव टांगणीला लागला. कधीकाळी सुट्या सुट्या लिहिलेल्या कविता एकमेकींचं बोट धरून चालल्या होत्या.

आईच्या मृत्यूच्या गाण्यातही सूर टेकला नाही. मग बुवांनी अंगाई धरली, आणि 'नीज गं' या शब्दांवर इतका वेळ राखलेला 'सा' असा लावला, की तंबोरा कुठला आणि गळा कुठला, कळेना.

कुमुदताईंचे हात आपोआप जोडले गेले.

"लेकीला निजवायला लिहिली होती हो," त्या कशाबशा म्हणाल्या. "आज आई निजली."