पहारेकऱ्यातले दोष

"दिसायला तरी बरा आहे," मुख्य परीक्षक म्हणाले आणि त्यांनी हेडफोन कानांवर चढवले. "पण एवढ्यात खूश होऊ नका."

ऑफिसात पाठीमागे सगळे त्यांना 'भिंग' म्हणत. गेममधलं नवं पात्र तपासायची त्यांची रीतच निराळी. पडदा त्यांच्यापुढे, आवाज फक्त त्यांच्या कानात, आणि बनवणाऱ्यानं पडद्याच्या मागच्या खुर्चीत गप्प बसायचं. बनवणाऱ्याला पडदा दिसला की तो वकिली करायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे विभागप्रमुख बाई समोर बसून भिंगांचं नुसतं तोंड बघत होत्या.

आज पात्र पास झालं नाही तर संध्याकाळी त्यांच्या विभागाला टाळं लागणार होतं. सहा माणसं घरी बसणार, त्यात दोघांच्या घरी तान्ही बाळं.

पात्र होतं एक म्हातारा पहारेकरी. विचाराल त्याचं उत्तर देणारा, अगदी हाडामांसाचा वाटावा असा. तीन वर्षं सगळ्यांनी जिवाचं रान केलं होतं. पण यंत्रातला म्हातारा हसला की करकरणारं दार उघडल्यासारखं वाटायचं. शेवटी बाईंनी शक्कल लढवली. घरी आपल्या बाबांनाच कॅमेऱ्यापुढे बसवलं, पाठीमागे काळी चादर, डोक्यावर टोपी, आणि त्यांचा चेहरा थेट इथल्या पडद्यावर.

हौशी नाटकांत जन्मभर भाला धरून उभे राहिलेले बाबा तर हरखूनच गेले होते. "शेवटी मिळाली बुवा मुख्य भूमिका!"

"फक्त सोंग सोडायचं नाही हं बाबा. माझा फोन येईपर्यंत खुर्चीतून उठायचं नाही."

"अगं, घराला आग लागली तरी हलत नाही. जा तू."

भिंगांनी माइक ओढला. "काय रे, झोप लागली आणि चोर आला तर?" उत्तर ऐकून ते चक्क हसले. "हजरजबाबी आहे हां तुमचा म्हातारा! जरा दोन्ही हात वर कर बघू. वा, झकास."

बाईंच्या जिवात जीव आला. बाबा आज मैदान मारणार होते.

आणखी पाच-सहा प्रश्न झाले. मग भिंगांच्या कपाळाला आठी पडली.

"हसताना तोंडाचा डावा कोपरा खाली ओघळतो."

बाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसायचं! समोर जिताजागता माणूस बसलाय आणि हे त्याचं तोंड दुरुस्त करायला निघालेत.

"बघते साहेब," त्या गंभीरपणे म्हणाल्या.

"मी या धंद्यात आलो ना, तेव्हा लोक छातीठोकपणे सांगायचे, दहा वर्षांत खरा माणूस कोणता आणि खोटा कोणता, कळणार नाही. वीस वर्षं झाली! पाणी सुधारलं, गवत सुधारलं, घोडे तर काय विचारूच नका. माणूस मात्र बाहुला तो बाहुलाच."

"खरंय हो." संध्याकाळी हे ऐकून बाबा किती हसतील, या विचारानं त्यांना आतून गुदगुल्या होत होत्या.

"आता हा डावा हात. पुन्हा वर कर म्हटलं, तर मांडीवरच पडून. उजवा तेवढा उठला."

म्हणजे बाबांनी आपल्याच मनानं काहीतरी अभिनय सुरू केला वाटतं. अती तिथं माती! बाईंना रागच आला. सहा जणांच्या पोटाचा प्रश्न आहे आणि यांना आत्ताच कला दाखवायची हौस.

"छे, छे." भिंगांनी कागदावर फुली मारली. "नापास. अहो, उच्चारसुद्धा बिघडले. सुरुवातीला कसा खणखणीत बोलत होता! आता जीभ जड झाल्यासारखं बोलतोय. दहा मिनिटांत पात्र एवढं बदलतं होय?"

बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. "सुरुवातीला... यातलं काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं. आता तर प्रश्नाला उत्तरही नाही. एका बाजूला कललाय आणि नुसतं 'पोरी, पोरी' चाललंय. हा संवाद कुणी लिहिला?"

खुर्ची धाडकन मागे पडली. बाई पडद्यापुढे धावल्या आणि किंचाळल्या, "अहो, ते माझे बाबा आहेत, खरे! घरी एकटे आहेत, कुणीतरी अॅम्ब्युलन्स बोलवा!"