पो-पोंची खोली

पो-पो उंच लाकडी उंबरा ओलांडून चौकात आल्या आणि तिथेच थांबल्या. सत्त्याऐंशी वर्षांच्या त्या म्हातारीने नातवाचा, डॅनियलचा, हात घट्ट धरला होता. पो-पो म्हणजे चिनी भाषेत आजी. चारही बाजूंना उतरती कौलारू छपरं, मधे फरसबंदी चौक आणि वर ग्लासगोचं मळकट आभाळ. दक्षिण चीनमधलं हे घर धरणाच्या पाण्यात जाणार होतं. एका संग्रहालयाने ते वासा न् वासा सुटा करून आणलं आणि ग्लासगोबाहेर जसंच्या तसं उभं केलं. दाराशी लावलेल्या पाटीवर गावाचं आणि घराण्याचं नाव वाचून डॅनियलने महिन्यापूर्वी आपल्या मैत्रिणीला फोन करून आरडाओरडाच केला होता. "माझी आजी याच घरातली आहे!"

त्या फोनने उल्हासच्या घरातलं वर्षभराचं भांडण मिटलं होतं. उल्हास इथल्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ. त्याची मुलगी अक्षया डॅनियलशी लग्न करायचं म्हणत होती आणि नीना, त्याची बायको, हो म्हणत नव्हती. "मुलगा चिनी असो नाहीतर स्कॉटिश, मला काही नाही. पण माणसं कुठली, घर कसलं, हे बघायला नको?" हे तिचं एकच पालुपद. ती स्वतः नागपूरला सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यात वाढलेली. वडील, अण्णासाहेब, मोठे सरकारी अधिकारी. अक्षयाला आधी नागपूरचंच एक स्थळ आलं होतं. मुलाची आई पूर्वी खानावळीत पोळ्या लाटायची हे कळताच नीनाने तो विषय पुन्हा काढू दिला नव्हता. एवढं मोठं घराणं बघून मात्र ती विरघळली. आज सगळ्यांनी मिळून घर पाहायचं आणि मग जेवताना साखरपुड्याची तारीख ठरवायची, असं ठरलं होतं.

"आई, तो खोली बघ ना, किती मोठा आहे!" अक्षया तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली.

ती घरातल्या मुलींची खोली होती. कोरीव पलंग, रेशमी पडदे, एक आरसा. समोर जाड दोर बांधलेला.

"पो-पो, तुम्ही इथे झोपायचात?" डॅनियलने विचारलं.

"हो."

"या पलंगावर?"

पो-पोंनी नकारार्थी मान हलवली. हातातली काठी दोराखालून आत सरकवली आणि पलंगाच्या पायथ्याची फरशी ठोठावली. "इथे."

कुणाला काही कळलं नाही.

"रात्री धाकट्या बाईंना पाणी लागायचं. हाक मारली की उठायचं. नाही जाग आली तर त्या पायाने उठवायच्या." पो-पोंचं इंग्रजी तुटक होतं, पण शब्द स्वच्छ होते. "मी सात वर्षांची होते. माझ्या बापाने मला दोन पोती तांदळाला इथे विकलं."

डॅनियलचा चेहरा पांढराफटक पडला. "पण तुम्ही तर सांगायचात, तुम्ही या घरातल्या..."

"या घरातून आले, असं सांगायचे. कशी आले ते कुणी विचारलं नाही." त्या नीनाकडे वळल्या. "लग्नाआधी तुम्हाला कळायला हवं. म्हणून आज आले."

अक्षया आईकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. नीना आता काय बोलणार हे उल्हासला ठाऊक होतं. तेहतीस वर्षं तो तिला ओळखत होता. या वेळी मात्र आपण मुलीच्या बाजूने उभं राहायचं, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं.

"नीना, बाहेर जाऊन बोलू," तो म्हणाला.

नीनाला ते ऐकूच गेलं नाही. ती त्या फरशीकडे बघत होती. मग तिने दोर उचलला आणि वाकून सरळ आत गेली. "मॅडम, प्लीज!" चौकातून पहारेकरी ओरडला. नीना पलंगापाशी खाली बसली. फरशीवर हात ठेवून तिने पो-पोंना इंग्रजीत विचारलं, "थंडीत पांघरायला काय द्यायचे?"

"पोतं."

"आणि नाव? त्यांनी तुमचं नाव बदललं होतं?"

पो-पो दचकल्या. "पहिल्याच दिवशी. माझं नाव मोठ्या बाईंच्या नावासारखं होतं. मोलकरणीचं तसलं नाव चालत नाही. पण हे तुम्हाला कसं माहीत?"

नीना मान वर करून उल्हासकडे बघत होती.

"अहो, मी अण्णासाहेबांची मुलगी नव्हे," ती मराठीत म्हणाली. "आठव्या वर्षी त्यांच्याकडे भांडी घासायला आले. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुढे त्यांनी शिकवलं, आपलं आडनाव लावलं, तुम्ही बघायला आलात तेव्हा मुलगी म्हणून समोर बसवलं. नीना हे नाव त्यांच्या घरच्या बाईंनी ठेवलं. नागपूरचं स्थळ मी का मोडलं? तिकडचं कुणीतरी मला ओळखेल म्हणून."

अक्षयाने तोंडावर हात ठेवला. पहारेकरी दाराशी येऊन तिथेच थबकला. पो-पोंना मराठीतलं एक अक्षरही कळलं नव्हतं, तरी त्या डॅनियलचा हात सोडून दोरापर्यंत आल्या आणि त्यांनी आपला सुरकुतलेला हात नीनापुढे केला. नीनाने तो धरला.

उल्हासही दोराखालून आत गेला आणि तिच्या शेजारी फरशीवर बसला. मग तेहतीस वर्षांच्या संसारानंतर त्याने बायकोला हळूच विचारलं, "तुझं नाव काय गं?"