वराकडचा साज

"खरं हाय का खोटं, तेवढं सांगा पावणं. आडपडदा ठेवू नका," असं म्हणत बायडाबाईनं फडक्याची गाठ सोडली आणि कोल्हापुरी साज आकाराम सोनारापुढं सारला.

ती चंदगडहून पहिल्या एसटीनं थेट कोल्हापुरात, सोनारांच्या गुजरीत आली होती. पोरीचं लग्न ठरलेलं. साखरपुड्यात हा साज वराकडच्यांनी घातलेला, आणि त्यांना पत्ता लागू न देता ही बाई तो कसाला लावायला घेऊन आली होती.

"सोनं खरं निघालं तर माणसं खरी. न्हायतर पोरगी द्यायची न्हाय, बास!"

आकारामनं मान डोलावली. पोरीच्या काळजीनं जीव कसा टांगणीला लागतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याची श्रुती शिरोळला दिलेली. सहा वर्षांमागं तिची सासू दारात उभी राहून तोंड वाजवून गेली, "तुमची पोरगी कुणाचा तरी हात धरून पळाली. अंगावरचं सगळं सोनं घेऊन!" आकारामनं रागाच्या भरात पोरीच्या नावानं आंघोळ केली. पण मेलं बापाचं काळीज, ते कुठलं गप्प बसतंय! कधी ना कधी अडचणीत सापडेल, लग्नात आपण घडवून घातलेला साज मोडायला काढेल, तेवढाच तिचा माग लागेल, या एका आशेवर तो पुढ्यात येणारा प्रत्येक साज उलटापालटा करून बघायचा.

त्यानं साज कसोटीवर घासला. रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला. रेघ जागची हलली नाही.

"सोनं अस्सल हाय, बाई."

"सुटलो बाई!" बायडाबाईनं अंबाबाईच्या देवळाच्या दिशेनं हात जोडले.

आकारामनं भिंग डोळ्याला लावलं. साजात ओवलेली सोन्याची पानं एकेक करून तपासली. कासव बघितलं, कारलं बघितलं, आणि माशावर त्याचा हात थांबला. माशाचा डोळा घसरून पार गालावर आला होता. शाळकरी श्रुतीनं शेजारी बसून, हट्ट करून तो डोळा स्वतः ठोकला होता. आकारामनं तो तसाच राहू दिला आणि पुढं तिच्या लग्नाच्या साजात तोच मासा ओवला.

म्हणजे पोरीनं साज विकला! विकला म्हणजे जिवंत आहे! कुणाबरोबर का पळेना, कशीही असेना, तिला घरी आणायचं. सहा वर्षांचा राग कुठल्या कुठं गेला. दुकानातनंच तो समोरच्या एसटीडी बूथवाल्याला ओरडला, "आरं, माझ्या घरी फोन लाव! म्हणावं, श्रुतीचा पत्ता लागला! गोडाचं काय तरी करा म्हणावं!"

मग तो बायडाबाईकडं वळला. डोळे भरून आले होते, पण हसत होता.

"बाई, वराकडच्यांनी ह्यो कुठनं इकत घेतला? तेवढं दुकान सांगा, पाया पडतो तुमच्या."

"इकत कशाला घेतील? घरातलाच हाय की," बायडाबाई म्हणाली. "जावई बिजवर हाय, शिरोळचा. सा वर्सांमागं पयली बायको हिरीत पडून गेली म्हणं. तिच्या अंगावरचं सासूनं काढून जपून ठेवलंय. बिचारीला म्हायेरचं कुणीच नसंल बघा. मातीला एक माणूस आलं न्हाय."