बाहेरची गाठ

माझी नात नूपुर छोट्या चोपड्या स्वतःच लिहायची, चित्रं काढायची, झेरॉक्स करून कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकबाजारात वाटायची. त्या चोपड्यांना ही पोरं झीन म्हणतात. अकरा अंक निघाले, सगळे मीच गोधडीच्या दोऱ्याने शिवले. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण टाका बघावा तर माझा.

बाराव्या अंकाला ती हट्टाने स्वतः शिवायला बसली. दोरा तोंडात ओला केला, एक प्रत शिवली आणि गाठ बाहेर ठेवली.

"गाठ आत घे गं, जगाला दाखवायचीय का?"

"राहू दे ना आजी, स्टाइल आहे."

आठवड्यात डेंग्यूने गेली. ती एकुलती प्रत मी तिच्या चितेवर ठेवली.

आज सकाळी तिचा मित्र ऋषभ सॉल्ट लेकच्या आमच्या घरी आला.

"आजी, बारावा अंकही शिवलात? तुमच्या दारातल्या पायपुसण्यावर पडला होता."

प्रत तीच. गाठ बाहेर. दोऱ्याचं टोक अजून ओलं.

मी कुणापुढे रडत नाही. खेकसले, "गाठ आत घे!"

जन्मात तिने माझं कधी ऐकलं नव्हतं.

ऋषभच्या हातातल्या प्रतीत ते ओलं टोक हळूच आत सरकलं.