पॉझिटिव्ह

“पॉझिटिव्ह म्हणजे आजारी, असं कोणी सांगितलं तुम्हाला?” जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या भुंग्याचा रिपोर्ट टेबलावर आपटला. “गोचीड चावली, लाइम नावाच्या आजाराचे जंतू अंगात शिरले आणि त्याचं रक्त त्यांच्याशी लढलं. त्या लढाईची खूण आहे ही. बहुतेक कुत्री आजारी पडतच नाहीत. आणि कुत्र्याकडून बाळाला तर हा आजार होतच नाही.”

मी नवऱ्याकडे पाहिलं. काल बाळाला घेऊन माहेरहून आले, तेव्हा दारात भुंग्याची साखळी नुसतीच लोंबकळत होती. “पॉझिटिव्ह निघाला, घाटात सोडून आलो. बाळासाठी करावं लागलं,” असं म्हणून वर हा माझ्याकडून कौतुकाची वाट बघत होता.

“घेऊन या त्याला, बघते,” बाई म्हणाल्या. त्यांना कुठे ठाऊक होतं? “लंगडत होता का? खरंच आजारी असला, तर सांधे धरतात, कुत्र्याला पळवत नाही.”



“सांग ना त्यांना,” मी नवऱ्याला म्हटलं. “लंगडत होता का?”

“नाही,” तो पुटपुटला. “खिंडीपर्यंत गाडीच्या मागे पळत आला.”