कै. चंपतराव बोरकुटे प्राथमिक शाळा

"काहून वं भागीरथा, पोरगं एकच आणलं? दुसरं कुठी हाय?" अंजनाबाईंनी फाटकातच अडवलं.

"लपून बसलं ना खाटेखाली."

"मंग खाटेसकट आण. आजच्या दिवशी कोणी घरी राह्यलं नाही पाह्यजे."

भागीरथा हसत परत फिरली. शेजारी उभ्या असलेल्या वस्तीतल्या यमुताईंनी पुढच्या बाईला कुंकू लावलं. अंजनाबाईंनी तिच्या पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि त्याला अंगणात ढकललं. गूळ तोंडात गेल्यावर पोरगं रडायचं विसरलं.

शाळा दोन खोल्यांची. भिंतींना चुन्याचा वास. दारावर नवी कोरी पाटी: कै. चंपतराव बोरकुटे प्राथमिक शाळा.

नागपुरात छोट्या रेल्वेच्या लाईनीपलीकडची ही वस्ती, आणि साल चौऱ्याहत्तर. तोवर इथल्या पोरांना शाळेसाठी लाईन ओलांडावी लागे. पावसाळा लागला की आया त्यांना घरीच ठेवत, आणि दिवाळीपर्यंत पोरं शाळा विसरून जात. शाळाही पोरांना विसरत असे.

हे चंपतरावांना खुपत होतं. अंजनाबाई त्यांच्याच मंडळी. आज सकाळपासून पदर भुवयांपर्यंत ओढून त्या फाटकाशी उभ्या होत्या.

चंपतराव आठ-नऊ वर्षं कचेरीचे जिने चढले. दर सोमवारी जायचे आणि बाकावर बसायचे. शिक्षणाधिकारी गद्रेसाहेब म्हणायचे, "बघू." चंपतराव म्हणायचे, "बरं." दोघांचाही स्वभाव चिवट, त्यामुळे वर्षं भराभर गेली.

मग एका सोमवारी बाक रिकामा राहिला. मंगळवारी वस्तीचं शिष्टमंडळ कचेरीत गेलं आणि चंपतराव वारल्याची बातमी त्यानं साहेबांच्या कानी घातली. साहेबांना ती फार लागली. बाकाकडे त्यांना बघवेना. वस्तीनं शाळा मागितली तेव्हा जागाही नव्हती आणि निधीही नव्हता. स्मारक म्हटल्यावर दोन्ही निघाले. स्मारकाला नाही कोण म्हणणार?

आता एकच धास्ती होती. या दोन खोल्यांवर जकातवाल्यांचा डोळा होता, त्यांना गोदाम हवं होतं. आज साहेबांच्या हातून उद्घाटन झालं तर शाळा, नाही तर गोदाम. जकातीचा जमादार हातात कुलूप घेऊनच आला होता आणि कडुनिंबाखाली सायकल टेकवून बसला होता.

"चहा घेता का, जमादार?" वस्तीच्या समितीचे अध्यक्ष रुपराव यांनी विचारलं.

"कुलूप लावल्यावर घेतो."

"मंग उपाशीच जासान गा आज."

तेवढ्यात जीप आली. साहेब उतरले. अंगण माणसांनी फुललेलं पाहून ते थबकले. बाप मंडळी धुतल्या कपड्यांत ओळीनं उभी होती, आया पोरांची नाकं पुसत होत्या आणि भागीरथाचं दुसरं पोरगं खाट सोडून हजर झालं होतं. रुपरावांनी साहेबांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. साहेबांनी तो लगेच काढून हातात घेतला आणि ते अंजनाबाईंपुढे आले.

"वहिनी, काय बोलू? शेवटी फार त्रास झाला का त्यांना?"

अंजनाबाईंनी मान खाली घातली. रुपराव पुढे झाले.

"काहीच नाही, साहेब. सोमवारी जेवले, पान खाल्लं. दुसऱ्या दिवशी आम्ही तुमच्याकडे सांगाले आलो."

"भाग्यवान!" साहेब म्हणाले. "पण त्यांचा फोटो नाही दिसत कुठे?"

"त्याइले फोटोचा लय राग," अंजनाबाई कशाबशा म्हणाल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे गदगदू लागले.

"नका वहिनी, नका रडू," साहेब म्हणाले आणि त्यांनीही खिशातून रुमाल काढला.

यमुताईंनी साहेबांच्या हातात घाईघाईनं कात्री दिली. फीत कापली गेली. "ही शाळा सुरू झाली, असं मी जाहीर करतो," साहेब म्हणाले. पोरं पहिल्या खोलीत अशी घुसली की मास्तर दोनदा बाहेर ढकलले गेले. बायांनी फुगड्या धरल्या. जमादारानं कुलूप खिशात घातलं आणि तो चहा न पिताच सायकलवर बसला. त्याच्या पाठीमागे वस्तीनं टाळ्या वाजवल्या. त्या त्याला आवडल्या नसाव्यात.

मग साहेब बोलायला उभे राहिले.

"चंपतराव माझ्याकडे यायचे. मी त्यांना 'बघू' म्हणायचो, आणि बघत मात्र कधीच नव्हतो. माणूस गेल्यावर त्याची किंमत कळते हो! आज ते इथं असते, तर हा हार मी माझ्या हातांनी त्यांच्या गळ्यात घातला असता."

"सबके सामने, साहेब?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"सगळ्यांसमोर!"

"तुम्ही नाराज नसते झाले त्याइच्यावर?" यमुताईंनी विचारलं.

"नाराज? पाया पडलो असतो!"

टाळ्या थांबता थांबेनात. रुपरावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि जाहीर केलं, "आता आभारप्रदर्शन."

दुसऱ्या खोलीचं दार आतून उघडलं. चंपतराव बोरकुटे बाहेर आले आणि हारासाठी साहेबांपुढे मान वाकवून उभे राहिले.