राखेची सुनावणी

सुनावणीच्या मंडपात लटारीभाऊच पहिले माईकसमोर जाणार, हे देवकाला ठाऊक होतं. वीजकेंद्राच्या राखेचा दुसरा तलाव गावाला लागून नको, म्हणून अंगणवाडीची ही मदतनीस चार महिने घरोघर फिरली होती. बायको धाप लागून लागून मेल्यापासून लटारीभाऊ प्रत्येक दारात तिच्यासोबत उभे राहिले होते.

"आमाले राखेचा काही तरास नाही, साहेब," लटारीभाऊ म्हणाले. "तलाव होऊ द्या."

ते परत येताना देवकानं त्यांची बाही धरली. "मंग सायत्रावयनी कायनं गेली, भाऊ?"

"पोराले काल केंद्रात कामावर घेतलं, बाई," ते खाली बघत पुटपुटले. "तो तरी जगू दे."

त्यांच्यामागून एकेक जण उठला आणि तेच बोलून बसला. कोणाचा भाऊ कामाला लागला होता, कोणाचा जावई. शेवटी देवका उठली. हातातला हरकतीचा अर्ज बाजूला ठेवून तिनं छातीत राख भरून मेलेल्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. गोविंदा. ठमाबाई. चंपतचं तान्हं लेकरू. पुढचं नाव सायत्राचं होतं. समोरच लटारीभाऊ दुपट्ट्यात तोंड घालून खोकत बसले होते. तिला ते नाव घेववेना. ते सोडून ती पुढे गेली.

"आणखी कोणाची हरकत आहे?" सुनावणी घ्यायला आलेल्या साहेबांनी विचारलं.

लटारीभाऊंनी खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकवले. ते अर्धवट उठले, मंडपाच्या कडेला केंद्राच्या माणसांत उभ्या असलेल्या मुलाकडे त्यांनी पाहिलं आणि ते परत खाली बसले.